घाटमाथ्यावरचा वेल्डिंगवाला

जूनचा शेवटचा आठवडा. रतनवाडीच्या पट्ट्यात भाताच्या आवणीची घाई चालू आहे, खाचरात गुडघाभर चिखल आहे आणि पॉवर टिलरच्या लोखंडी चाकाचा आरा जोडातून सुटतो. यंत्र जागीच बसतं. रोपं उपटून मुठी बांधून तयार, मजूर बांधावर उभे, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. बिघाड म्हणाल तर बोटभर लांबीचा. हात बसलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटांचं काम. पण तो माणूस कुठे आहे? चाक खांद्यावर घेऊन बांध गाठायचा, मग जीपच्या टपावर टाकून भंडारदऱ्याच्या तलावाला वळसा घालत शेंडीला जायचं. तिथे दुकान बंद असेल तर राजूर. राजूरचा माणूस बाहेरच्या कामावर गेला असेल तर अकोले. चाक परत येईपर्यंत दिवस मावळतो आणि दिवसभराची मजुरी अंगावर पडते.

अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याचं डोंगरी टोक. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई इथलंच. घाटघरला तिथल्या पावसामुळे ‘नगर जिल्ह्याचं चेरापुंजी’ म्हणतात. डॉक्टर, मास्तर, तलाठी यांच्यावाचून अशा गावांचं किती अडतं, हे सगळे बोलतात. वेल्डिंगवाल्याचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही. वास्तविक भातगिरणी, पाण्याची टाकी, शाळेचं गेट, पर्यटकांसाठी उभारलेली शेड, ट्रॉलीचा हुक, गोठ्याची कैची या सगळ्यांचा शेवटी त्याच्याशीच संबंध येतो. आणि गरज पडली की मग त्याचा शोध सुरू होतो.

हा शोध पाटी बघून लागत नाही. रस्त्याकडेला ‘फॅब्रिकेशन वर्क्स’ लिहिलेलं असतं, शटर मात्र आठवडाभर खाली असतं, कारण मालक एखाद्या रिसॉर्टच्या शेडवर मुक्कामाला गेलेला असतो. उलट खरा जाणता कारागीर कधीकधी घरामागच्या पत्र्याच्या पडवीत बसून काम करतो आणि त्याच्या दारावर अक्षरही नसतं. म्हणून माणसांना विचारावं, पण कुणाला, हे महत्त्वाचं. पिठाची गिरणी किंवा भातगिरणी चालवणारा हा पहिला. त्याचं यंत्र हंगामात एक दिवसही बंद राहून चालत नाही, त्यामुळे कुणाचा जोड टिकला आणि कुणाचा महिन्यात सुटला, हे त्याला तोंडपाठ असतं. दुसरा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री. तिसरा लोखंड विकणारा दुकानदार. अँगल, पट्टी, वेल्डिंगचे रॉड कोण नेहमी नेतो आणि कोण उधारी बुडवतो, दोन्ही त्याला माहीत असतं. या तिघांनी एकच नाव घेतलं तर आणखी चौकशीची गरज उरत नाही.

पूर्वी हा शोध घ्यावा लागत नसे. गावगाड्यात लोहार होताच, बारा बलुतेदारांपैकी एक. फाळ पाजवणं, विळ्याला धार काढणं, बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणं ही त्याची कामं, आणि त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपात मिळायचा. ज्या गावात लोहार नसे तिथे घिसाड्यांचं बिऱ्हाड येऊन थांबायचं. जोड तेव्हाही देत असत. भात्याने भट्टी फुंकून दोन तुकडे पांढरेफटक होईपर्यंत तापवायचे आणि ऐरणीवर घणाखाली एकजीव करायचे. मोठ्या कामांना मात्र रिबीट मारत. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली संपलं, तो काळ रिबिटांचाच. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९४३ साली खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूलही रिबिटांवर उभा आहे.

विजेच्या ठिणगीने लोखंड वितळवून जोडण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघाली. पण ती साध्या कारागिराच्या हातात आली ती लेप दिलेल्या रॉडमुळे, आणि तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी आणला. भारतात १९५१ साली अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी निघाली आणि वेल्डिंगचे रॉड देशात तयार होऊ लागले. आज घाटातल्या दुकानात जो राखाडी लेपाचा रॉड मिळतो, तो त्याच घराण्यातला.

त्या लेपात सारी मेख आहे. रॉडचं टोक लोखंडाला टेकवून किंचित उचललं की काही हजार अंश तापमानाची ठिणगी पेटते. लोखंड सुमारे पंधराशे अंशांना वितळतं. वितळलेल्या लोखंडाला हवेतला प्राणवायू आणि नायट्रोजन लागला तर जोड भुसभुशीत होतो, त्यात भोकं पडतात. रॉडवरचा लेप जळतो तेव्हा त्यातून निघणारा वायू त्या थेंबाभोवती पांघरूण धरतो आणि उरलेला लेप काचेसारखी खपली होऊन जोडावर बसतो. कारखान्यात हे पांघरूण सिलिंडरमधल्या वायूचं असतं. काम झपाट्याने होतं, खपली काढावी लागत नाही. पण घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात तो वायू उडून जातो. म्हणून डोंगरातला वेल्डिंगवाला अजून जुना रॉड वापरतो, याचा अर्थ तो मागासलेला आहे असा नाही. उघड्यावर, वाऱ्यात, गंजक्या लोखंडावर हाच रॉड भरवशाचा आहे.

त्याच्या कामात खरा बदल झाला तो मशीनमुळे. पूर्वीची ट्रान्सफॉर्मरची मशीन तांब्याच्या वेटोळ्यांनी भरलेली, चाकांवर ढकलायची, उचलायला तीन-चार माणसं लागणारी. तिला थ्री फेज वीज लागायची, निदान दोन फेज तरी. थ्री फेज गावात ठरावीक तासच येते, त्यामुळे वीज येईल त्या वेळी, मग ती रात्र असो, काम उरकावं लागे. आता आलेली इन्व्हर्टर मशीन पाच ते दहा किलोंची असते, घरगुती सिंगल फेजवर चालते आणि मोटारसायकलला अडकवून वाडीवर नेता येते. आधी लोखंड मशीनकडे जायचं, आता मशीन लोखंडाकडे येते. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीसारख्या गावात किंवा साम्रदच्या बाजूला राहणाऱ्याला या बदलाचं मोल कळतं.

एक अडचण मात्र तशीच आहे. विजेच्या डीपीपासून लांब, ओळीतल्या शेवटच्या घरात २३० व्होल्टऐवजी बरंच कमी येतं. अशा विजेवर ठिणगी नीट धरत नाही, रॉड चिकटतो आणि जोड वरवर बसतो, आत मुरत नाही. म्हणून घरी बोलावण्याआधी कारागिराला दोन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात: व्होल्टेज कसं असतं आणि मीटरपासून काम किती लांब आहे. लांब असेल तर तो जाड वायर आणतो किंवा जनरेटर. न सांगता बोलावलं तर त्याची खेप वाया जाते आणि पुढच्या वेळी तो येत नाही.

माणूस सापडला. आता तो जाणता आहे की नाही, हे गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं? तो काय विचारतो, यावरून. वस्तू हातात घेताच रॉड पेटवणाऱ्यापेक्षा, ती उलटीसुलटी करून “हे बीड आहे का लोखंड?” असं विचारणारा बरा. हा प्रश्न साधा नाही. साधं लोखंड, म्हणजे माइल्ड स्टील, सहज जोडता येतं. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, ठिसूळ असतं. जुन्या भातगिरणीचा सांगाडा, पाण्याच्या पंपाची बॉडी, पिठाच्या चक्कीचे भाग बिडाचे असतात. बिडावर साधा रॉड चालवला तर जोड होतो खरा, पण थंड होताना शेजारीच ‘टच्च’ आवाज होऊन नवी चीर जाते. जाणता माणूस आधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडतो, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग निकेलचा महाग रॉड घेऊन बोटाच्या पेरभर लांबीचं वेल्डिंग मारतो, थांबतो, हातोडीने हलके ठोकतो, पुन्हा पेरभर. शेवटी ती वस्तू राखेत किंवा वाळूत पुरून ठेवतो आणि सांगतो, “उद्या या.” हे ‘उद्या या’ टाळाटाळीचं नाही. बीड सावकाश थंड व्हावं लागतं.

नांगराच्या फाळाचंही तसंच. त्याचं पोलाद कडक, कार्बन जास्त असलेलं. वेल्डिंग झाल्याबरोबर त्यावर पाणी ओतलं तर ते काचेसारखं ठिसूळ होतं आणि पहिल्याच दगडाला मोडतं. गिऱ्हाईक घाईत असतं, “मारा पाणी, न्यायचंय” म्हणतं. जो कारागीर अशा वेळी नाही म्हणतो, त्याचं दुकान लक्षात ठेवावं.

टिलरच्या त्या चाकाचंच काम जवळून पाहा. चांगला माणूस चिखल धुऊन, ग्राइंडरने गंज आणि रंग चमकेपर्यंत काढतो. तुटलेल्या कडांना उतार देऊन मध्ये खाच तयार करतो, म्हणजे रॉडचं लोखंड तळापर्यंत जातं. मग दोन बाजूंना टाके मारून आरा सरळ आहे का ते डोळ्याने आणि सुतळीने बघतो, कारण टाके असेपर्यंतच तो वाकवता येतो. नंतर तळाचा थर. ठिणगीचा आवाज कढईत काहीतरी तळत असल्यासारखा एकसारखा येतो. तो फुटला, फटफटला की करंट चुकलाय हे त्याला न बघता कळतं. थर झाला की टोकदार हातोडीने खपली उडवायची, तारेच्या ब्रशने घासायचं आणि मगच दुसरा थर. खपली न काढता वर चढवलेला थर दिसायला भरगच्च असतो, पण आत पोकळ राहतो. झालेल्या जोडावर माशाच्या खवल्यांसारख्या सारख्या लहरी दिसल्या पाहिजेत. भोकं, काठाला पडलेली खाच, वर बसलेला गोळा या तीन गोष्टी दिसल्या तर तिथल्या तिथे दाखवाव्यात. रंग लावल्यावर काही दिसत नाही. त्यामुळे गेट असो की शेड, रेडऑक्साइड मारण्याआधी एकदा बघायला जावं. नुसते टाके मारून वर रंग फासलेली कामं पहिल्या वादळात उघडी पडतात.

पावसाळी मुलखात रॉडही दमट होतात. लेपात ओल मुरली की ठिणगी तडतडते आणि जोडात भोकं राहतात. काही कारागीर लाकडी पेटीत बल्ब लावून रॉड कोरडे ठेवतात. दुकानात अशी पेटी दिसली तर तो माणूस कामाची कदर करणारा आहे, असं खुशाल समजावं.

शेड किंवा गेट करायचं असेल तर हिशेब किलोवर होतो, आणि फसगतही तिथेच होते. चौकोनी पाइप १६ गेजचा म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा, १८ गेजचा म्हणजे सुमारे १.२. बाहेरून दोन्ही सारखे. मैदानी गावात अठरा गेज चालून जाईल. घाटघरच्या पावसात तो आतून गंजतो आणि पातळ भिंतीवर वेल्डिंग मारताना जळून भोक पडतं ते वेगळंच. त्यामुळे बोलणी करताना नुसतं ‘दीड इंची पाइप’ न म्हणता गेज ठरवावा आणि काट्याची पावती मागावी. ताळा घ्यायला एक आकडा पुरतो: एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पत्र्याचं वजन सुमारे ७.८५ किलो भरतं.

लोखंडाच्या जोडकामाने खेड्याचं जगणं कसं बदललं याचं एक मोठं उदाहरण महाराष्ट्रातलं आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. १९६०च्या दशकात गावोगावी बोअर पाडून हँडपंप बसवले गेले. ते बिडाचे होते, परदेशातल्या एकेका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेल्या पंपांच्या नकला. अख्खं गाव दिवसभर दांडा मारू लागल्यावर ते पटापट मोडले. बिडाचे असल्याने गावात दुरुस्तही होईनात. तेव्हा जालना आणि सोलापूर इथे पोलादी पाइप आणि पट्ट्या वेल्डिंग करून मजबूत पंप बनवले गेले, आणि ते ‘जालना पंप’, ‘सोलापूर पंप’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीत, सोलापूरच्या नमुन्यावरून ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तोच दांडा हलतो. साध्या वर्कशॉपमध्ये जोडता येईल असं डिझाइन, हे त्याच्या यशाचं एक मोठं कारण.

धोक्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण गावाकडे त्याची फार हेळसांड होते. वेल्डिंगची ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहिली तर तेव्हा काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुतेकदा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते, पाण्याच्या धारा लागतात. अतिनील किरणांनी बुबुळाचा पडदा भाजलेला असतो. बटाट्याच्या चकत्या, कच्चं दूध असे उपाय सर्रास केले जातात. ते न करता डॉक्टरकडे जावं. बाजारातला काळा गॉगल या किरणांना पुरत नाही, १० किंवा ११ नंबरची वेल्डिंगची काच लागते. पोरांना बघत उभं राहू देऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराचा समावेश कर्करोगाला नक्की कारण ठरणाऱ्या पदार्थांत केला आहे. त्यामुळे बंद खोलीत, दार लावून काम करवून घेणं हा कारागिरावर अन्याय आहे.

डिझेलची, ऑइलची किंवा फवारणीच्या औषधाची रिकामी टाकी जोडायला नेताना तर विशेष जपावं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आतल्या वाफेत हवा मिसळलेली असते आणि एका ठिणगीने तिचा स्फोट होतो. ती नीट धुऊन, वाफ काढून, पाणी भरल्याशिवाय हात लावू नये. जो वेल्डिंगवाला अशी टाकी परत पाठवतो, त्याच्यावर रागावू नये. ट्रॅक्टर किंवा जीपवर काम असेल तर बॅटरीच्या वायरी आधी सोडाव्यात आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगावं. नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक भागांतून जातो आणि पन्नास रुपयांच्या वेल्डिंगपायी हजारोंचं नुकसान होतं.

हे कारागीर येतात कुठून? बरेचजण नाशिकच्या सातपूर-अंबडला किंवा सिन्नरच्या कारखान्यांत हेल्पर म्हणून लागले, काच धरायला शिकले आणि काही वर्षांनी मशीन घेऊन गावी परतले. काहीजण साखर कारखान्याच्या दुरुस्तीच्या हंगामात तयार झाले. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलालाही तिथे प्रवेश मिळतो. तरी डोंगरातल्या आईबापांना मुलाला वेल्डर करायचं म्हटलं की कमीपणा वाटतो. हा कमीपणा मनातून काढला पाहिजे. महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमधून दर पाच-सहा गावांमागे एक चांगला वेल्डिंगवाला तयार झाला तर आवणीच्या दिवसांत चाक घेऊन अकोल्यापर्यंत धावणं थांबेल.

आणि जो आज आहे, त्याला टिकवणं गावाच्या हातात आहे. किरकोळ कामाची उधारी हे या धंद्याचं मोठं दुखणं. दहा-वीस रुपयांचा टाका म्हणून लोक पैसे द्यायचं विसरतात, पण रॉड, वीज आणि ग्राइंडरची चकती त्याला रोखीने घ्यावी लागते. पैसे हातोहात द्यावेत. तुटलेली वस्तू धुऊन, सगळे तुकडे गोळा करून न्यावी. हरवलेल्या तुकड्याच्या जागी नवी पट्टी घालण्यात त्याचा अर्धा वेळ जातो. शक्यतो फोन करून जावं.

टिलरची चाकं, नांगराचे फाळ, ट्रॉलीचे हुक आणि शेडच्या कैच्या मे महिन्यातच तपासून घ्या. गंजलेल्या जोडावर हातोडीने टकटक केली की घट्ट जोड खणखणतो, सुटत आलेला बद्द वाजतो. मे महिन्यात वेल्डिंगवाल्याकडे वेळ असतो, रॉड कोरडे असतात आणि रस्ते उघडे असतात. पहिला पाऊस झाला की त्याच्या दारात चाकांची रांग लागते.